धवल्यावर आलेली नोटीस : ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या विधी विभागांस खुले पत्र

मौजे जासई, तालुका उरण, जिल्हा रायगड

प्रति,
ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या स्वामित्वहक्क विभागांतील अधिकारी, आणि त्यांच्या वतीने नोटिसा धाडणारे विधिज्ञ यांस,



आपणांपैकी एकाही व्यक्तीशी माझा परिचय नाही, आणि ज्या कंपनीकडून आलेल्या नोटिशीमुळे हे पत्र लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर आला तिचे नावही मी येथे घेणार नाही. कारण ज्या रिवाजाविषयी मला बोलावयाचे आहे तो आता एका कंपनीचा राहिलेला नसून एका संपूर्ण व्यवसायाचा झाला आहे, आणि ज्या गोष्टीचा उपद्रव पुष्कळांना होतो तिची दाद एकट्याने, बंद पाकिटातून मागत बसणे मला प्रशस्त वाटत नाही. माझी तक्रार स्पष्ट शब्दांत मांडावी, आपली बाजू जेथे खरी असेल तेथे ती मान्य करावी, आणि शेवटी काही विनंत्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

मी जासईचा. उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविण्यात गेला आणि निवृत्तीनंतर गावातच राहिलो. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १९८४ च्या जानेवारीतील १६ व १७ या दोन तारखांना जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी या परिसरात जे शेतकरी उभे राहिले त्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले, आणि त्यांच्या स्मरणासाठी दर वर्षी येथे माणसे जमतात. शिवडीहून समुद्र ओलांडून आलेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ पासून आमच्याच शिवारालगत येऊन उतरला आहे, न्हावा-शेवा बंदराच्या अवजड गाड्या रात्रंदिवस आमच्या उशाशी धावतात, आणि जेथे भाताची खाचरे व मिठागरे होती तेथे गोदामांच्या भिंती उभ्या आहेत. ज्या गावाची जमीन गेली त्याच्यापाशी स्वतःचे म्हणून जे काही उरते त्यात त्याची बोली असते आणि त्याची गाणी असतात. ती तरी आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी होऊ नयेत म्हणून मी गेली काही वर्षे उरण-पनवेल भागातील लग्नघरी जाऊन, घरधन्याची परवानगी घेऊन, वृद्ध स्त्रियांच्या तोंडचे धवले ध्वनिमुद्रित करीत आलो आणि ते सर्वांना ऐकता यावेत म्हणून इंटरनेटवर ठेवीत आलो.

आपल्या दप्तरांतील पुष्कळांना धवला म्हणजे काय हे माहीत नसेल, आणि ते माहीत नसणे हाच या सर्व प्रकरणाचा मूलबिंदू आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. आगरी समाजात हळदीच्या रात्रीपासून नवरा-नवरी मांडवात उभे राहीपर्यंत जे विधी होतात त्यांना धवलारीण आपल्या गाण्याने बांधून घेते. ती देवतांना आमंत्रण देते, मांडवाच्या मेढीला, उंबराच्या फांदीला, हळदीच्या वाटीला गाण्यात स्थान देते, आणि जुन्या काळी तर लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. या गाण्याला लिखित पुस्तक नाही; सासूने सुनेला, आत्याने भाचीला कानामागून कानात ते दिलेले आहे. त्याच नावाची रचना मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभकाळी भेटते: महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने जे धवळे रचले, त्यांच्यामुळे तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. म्हणजे लग्नात स्त्रियांनी धवळे गाण्याची चाल किमान ७०० वर्षांची तरी आहे, आणि भारतात आवाज तबकडीवर प्रथम उतरला तो १९०२ साली, कलकत्त्यात. आपल्या व्यवसायाचे वय आणि या गाण्याचे वय यांतील अंतर आपण एकवार मनाशी मोजून पाहावे.

आता घडले ते सांगतो. गावातील ८० वर्षांच्या घरातल्या एका धवलारणीने आपल्या नातीच्या हळदीत गायिलेला एक धवला मी माझ्या मोबाइलवर मुद्रित केला होता. त्यात वाद्य नव्हते. तिचा आवाज, मागून साथ देणाऱ्या दोघीतिघींचे आवाज आणि मधूनच रडणारे एक मूल, एवढेच त्यात होते. हे मुद्रण इंटरनेटवर दोन वर्षे निर्वेध राहिल्यानंतर एके सकाळी मला संदेश आला की या गाण्यावर एका कंपनीने मालकीचा दावा केला आहे. मी त्यावर कधी जाहिरात लावली नव्हती. दावा होताच त्यावर जाहिराती दिसू लागल्या आणि त्यांचे उत्पन्न दावेदाराकडे जाऊ लागले. मी हरकत नोंदविली. काही आठवड्यांनी ‘दावा कायम’ असे दोन शब्दांचे उत्तर आले. मी अपील केले. तेव्हा मुद्रण काढून टाकण्यात आले, माझ्या खात्यावर उल्लंघनाचा शिक्का बसला, आणि पाठोपाठ एका वकिलाची इंग्रजी नोटीस आली, जिच्यात स्वामित्वहक्क कायद्याच्या ५१ व्या आणि ६३ व्या कलमांचा उल्लेख करून, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आठवण देऊन, ठरावीक रक्कम भरल्यास प्रकरण मिटविता येईल असे सुचविले होते.

नोटीस हा शब्द जासईत साध्या कानाने ऐकला जात नाही, हे आपल्याला कळावे म्हणून एक जुनी गोष्ट सांगणे मला भाग आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, तेव्हा भूसंपादनाच्या नोटिसा चावडीवर लागल्या आणि ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी तलाठ्याकडून त्या वाचून घेतल्या. त्या नोटिसांनी आमचे काय केले हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्या १८९४ च्या परकीय कायद्याखाली त्या निघत होत्या त्यातसुद्धा १९२३ साली ५-अ हे कलम घालण्यात आले होते, ज्यायोगे जमीनमालकाला ३० दिवसांत हरकत घेता येई आणि ती हरकत कलेक्टरला ऐकून घ्यावी लागे. तातडीचे कलम लावून ही सुनावणी टाळता येत असे हे खरे. तथापि आधी ऐकावे आणि मग घ्यावे हे तत्त्व त्या कायद्याच्या शब्दांत तरी होते. आपल्या आजच्या पद्धतीत हा क्रम उलटला आहे: आधी घेतले जाते, आणि ऐकून घेण्याची विनंती ज्याचे गेले त्याला करावी लागते.

माझी पहिली तक्रार ही की, नोटीस धाडण्यापूर्वी ते गाणे कोणा माणसाने ऐकले नव्हते. ज्यांना या यंत्रणेची माहिती नाही अशा वाचकांसाठी सांगतो की, कंपन्या आपापल्या गाण्यांच्या प्रती इंटरनेटवरील चित्रफितींच्या मोठ्या संस्थांकडे देऊन ठेवतात, यंत्र त्या प्रत्येक प्रतीचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा काढून ठेवते, आणि नव्याने येणारे प्रत्येक मुद्रण त्या ठशांशी ताडून पाहते; यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही अशी पद्धत २००७ पासून चालू आहे. जेथे रोज अगणित मुद्रणे येतात तेथे यंत्राचे साहाय्य घ्यावे लागणार, हे मला कळते. परंतु ठसा जुळणे हा संशय आहे, निर्णय नव्हे. एका लोकगीतावर कोणी कंपनीने पेटी-ढोलकी चढवून त्याची ध्वनिफीत काढली आणि तिचा ठसा यंत्राला दिला, तर पुढे त्याच चालीत गाणारी प्रत्येक आजीबाई त्या यंत्राच्या लेखी चोर ठरते. संशय यंत्राने घ्यावा. पण चोर हा शब्द उच्चारण्यापूर्वी एका माणसाने तीन मिनिटे कान द्यावा, एवढेही आपल्याकडून झाले नाही.

दुसरी तक्रार अधिक मुळाशी जाणारी आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क आणि गाण्यावरील हक्क हे दोन निराळे हक्क आहेत हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने शब्दरचना, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांना वेगवेगळ्या कृती मानले आहे. एखाद्या कंपनीने पारंपरिक धवला उत्तम रीतीने मुद्रित केला तर ते मुद्रण तिचे, आणि प्रकाशनानंतरची ६० वर्षे ते तिचेच राहील. त्यातील नवे वाद्यमेळ, नवी योजना हीही ज्याची त्याची. पण तिने गाणे निर्माण केलेले नाही, आणि जे निर्माण केले नाही त्यावर तिचा दावा पोहोचत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर लोकगीत हे गावाचे गुरचरण आहे. गुरचरणात एकाने आपली गाय चारली म्हणून गाईचे दूध त्याचे होते. गुरचरणाचा सातबारा त्याच्या नावे होत नाही, आणि उद्या दुसऱ्याने आपली गाय आणली तर तिला काठी मारण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. आपण दुधाच्या हक्काचा कागद दाखवून कुरणाला कुंपण घालीत आहात.

तिसरी तक्रार नोटिशीच्या मजकुराविषयी आहे. आपल्या नोटिशीत कोणती कृती, कोणी केलेली, कोणत्या वर्षी प्रकाशित झालेली, माझ्या मुद्रणातील कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंतचा भाग तिच्याशी जुळतो, आणि त्या कृतीची मालकी आपल्याकडे कोणत्या दस्तऐवजाने आली, यांपैकी एकाही गोष्टीचा खुलासा नव्हता. या देशात अशा तक्रारीसाठी नियम नाहीत असे नाही. २०१३ च्या स्वामित्वहक्क नियमांतील ७५ व्या नियमाने तक्रारदारावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की त्याने कृती ओळखता येईल असे तिचे वर्णन द्यावे, आपण मालक आहोत हे दाखवावे, उल्लंघन कसे झाले ते सांगावे, आणि सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणून देण्याची हमी लिहून द्यावी. कायद्याच्या ५२ व्या कलमात २०१२ साली जी तरतूद आली तिचाही भावार्थ हाच की तक्रारीवरून मुद्रण बंद ठेवावयाचे ते २१ दिवसांपुरते. तेवढ्यात हुकूम आला नाही तर ते पुन्हा खुले करता येते. म्हणजे आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावयास न्यायालयाच्या पायरीवर यावे, ही कायद्याची अपेक्षा आहे. आपल्या नोटिशीत कैदेचे कलम होते. हमीचे वाक्य नव्हते.

चौथी तक्रार भयासंबंधी आहे. नोटिशीला प्रतिउत्तर देण्याची सोय आहे असे आपण म्हणाल, आणि ती आहेही. पण तिचे स्वरूप पाहा: उत्तर देणाऱ्याने आपले खरे नाव व राहता पत्ता तक्रारदाराला कळू द्यावा, खोटे असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र होऊ असे लिहून द्यावे, आणि बहुतेक मोठ्या संस्था अमेरिकन असल्यामुळे, वाद झाल्यास तेथील न्यायालयाचा अधिकार आपल्याला मान्य आहे असेही कबूल करावे. उरण तालुक्यातला निवृत्त शिक्षक, खोपट्याची मच्छीमार बाई किंवा पनवेलचा रिक्षावाला सातासमुद्रापलीकडच्या कोर्टाचे नाव वाचून काय करील? तो आपले मुद्रण मुकाट्याने काढून टाकील. त्यात एका खात्यावर ९० दिवसांत असे तीन शिक्के बसले तर सबंध खातेच बंद होण्याचा नियम अशा ठिकाणी असतो. म्हणजे तीन धवल्यांवर तीन नोटिसा आल्या की कित्येक वर्षांचा संग्रह एका रात्रीत नाहीसा होतो. अशा स्थितीत रक्कम भरून मिटवा असे सुचविणे हे तडजोडीचे बोलणे राहत नाही. आधारहीन धमकीविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागून तिला मनाई व नुकसानभरपाई मिळविता येते असे ६० वे कलम कायद्यात घालणाऱ्यांनी हा संभव आधीच ओळखला होता, असे मला वाटते.

पाचवी तक्रार मी माझ्या वतीने करीत नाही. धवला गाणाऱ्या स्त्रीला आपल्या नोटिशीत कोठेही स्थान नव्हते. ती जणू अस्तित्वातच नव्हती. परंतु कायद्याच्या दृष्टीने तीही हक्कदार आहे. गाणारी व्यक्ती, मग ती शिकलेली असो वा नसो, नाट्यगृहात गावो वा मांडवात, ३८ व्या कलमाखाली आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क बाळगते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव सांगितले जाण्याचा व आपल्या सादरीकरणाचा विपर्यास होऊ न देण्याचा नैतिक हक्कही तिला दिला आहे. त्याच दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनाचा वाटा सुरक्षित केला, कारण दशकानुदशके कंपन्यांनी तो एका रकमेत लिहून घेतला होता. ज्यांच्या प्रतिभेवर व्यवसाय उभा आहे त्यांना वाटा मिळालाच पाहिजे, हे आपल्याच क्षेत्राला संसदेने शिकविलेले आहे. जिने तो धवला आपल्या आत्याकडून घेतला आणि ६० वर्षे सांभाळला तिच्या आवाजावरील जाहिरातींचे पैसे मधल्या काळात कोणाला मिळाले, हा प्रश्न मी विचारीत आहे. ते थोडे होते की फार, याला महत्त्व नाही.

आता, मी काय उत्तर दिले तेही सांगतो. कारण माझ्यासारखे पुष्कळ जण अशी नोटीस हाती आल्यावर गोंधळून जातात आणि हे पत्र त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. मी प्रथम मुद्रण व नोटीस यांच्या प्रती, तारखांसह, जपून ठेवल्या. मग कंपनीची ध्वनिफीत आणि माझे मुद्रण दोन्ही पुन:पुन्हा ऐकून त्यांत सारखे काय आणि वेगळे काय याची नोंद केली: तीन कडवी दोहोंत जवळजवळ समान होती, दोन केवळ आमच्या आजींच्या गाण्यात होती, आणि कंपनीच्या फितीतील एक नवे कडवे आमच्याकडे नव्हते. त्यानंतर आसपासच्या गावांतील चार वृद्ध धवलारणींकडून तोच धवला ऐकून, त्या तो कोणाकडून व साधारण कधी शिकल्या याची त्यांच्या संमतीने टिपणे घेतली. ही सर्व कैफियत मी साध्या मराठीत लिहिली, ओळखीच्या वकिलाकडून तिचे इंग्रजी करवून घेतले, गाणे पारंपरिक आहे, मुद्रण माझे आहे, सादरीकरण गायिकेचे आहे आणि आपला हक्क केवळ आपल्या फितीपुरता आहे, ही चार विधाने एकेक करून मांडली, आणि सही केली. परदेशी न्यायालयाच्या ओळीखाली सही करताना हात थबकला, हे सांगावयास मला संकोच वाटत नाही. पुढे मुदत उलटली, आपल्याकडून दावा दाखल झाला नाही, आणि मुद्रण परत आले. आपल्याकडून मात्र नोटीस मागे घेतल्याचे, चूक झाल्याचे किंवा निदान पत्र पोहोचल्याचे एक अक्षरही आले नाही.

न्यायाची भाषा बोलणाऱ्याने आपल्या दोषाचाही हिशेब द्यावा, म्हणून हेही नमूद करतो. माझ्या संग्रहात एका हळदीचे असे चित्रण होते की ज्यात बँडवाल्यांनी एका प्रसिद्ध मराठी चित्रपटातील गाणे सबंध वाजविले होते. लग्नाची वरात व विवाहाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजविण्याला कायद्याच्या ५२ व्या कलमात मोकळीक आहे, आणि केंद्र सरकारने २०२३ साली त्याचा पुनरुच्चारही केला; गोव्यात याच प्रश्नावर राज्य सरकारने काढलेले परिपत्रक २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, यावरून ही मोकळीक कोठवर पोहोचते हा वाद अजून जिवंत आहे हेही दिसते. पण ती मोकळीक मांडवासाठी आहे, साऱ्या जगाला ऐकविण्यासाठी नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. म्हणून कोणाची नोटीस येण्यापूर्वीच ते चित्रण मी स्वतः उतरविले. कवीने, संगीतकाराने, गायकाने आणि मुद्रणात भांडवल घालणाऱ्यानेही आपल्या श्रमाचे फळ घ्यावे, हे मला मनापासून मान्य आहे. रवींद्रनाथांच्या कृतींवरील ५० वर्षांचा हक्क संपत आला तेव्हा ही मुदत १९९२ साली ६० वर्षांची करण्यात आली. एका महाकवीच्या वारशाची काळजी वाहण्यासाठी देश कायदा बदलतो ही गोष्ट मला भूषणावह वाटते. ज्यांचे नाव कोणत्याही मुखपृष्ठावर नाही त्या स्त्रियांच्या वारशाची काळजीही त्याच मनाने वाहिली जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि ते कसे करता येते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले; डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा गावोगावची गाणी पुस्तकांत आणली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्या जमविताना कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणती ओवी गायिली याची नोंद ठेवली. या मंडळींनी गाणे घेतले, पण गाणारीला पुसून टाकले नाही, आणि घेतलेल्या गाण्याभोवती कुंपणही घातले नाही. गाणे मिळविण्याची ही रीत आणि आपली रीत यांत निवड करावयाची वेळ आपल्यावर आली आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा.

पहिली: यंत्राने दाखविलेला प्रत्येक संशय नोटीस होण्यापूर्वी त्या भाषेचा जाणकार असलेल्या एका माणसाच्या कानांवरून जाऊ द्या. मराठी गाण्यावरील नोटीस मराठी समजणाऱ्याने ऐकून मगच निघावी.

दुसरी: नोटिशीत कृतीचे नाव, कर्ता, वर्ष, जुळणारा नेमका भाग, मालकीचा आधार आणि दावा दाखल करण्याची हमी, हे सर्व ७५ व्या नियमाप्रमाणे लिहा, आणि ज्याला ती धाडावयाची त्याच्या भाषेत तिची एक प्रत जोडा. सरकारी नोटीस मराठीत निघू शकते, तर आपलीही निघू शकेल.

तिसरी: आपल्या ज्या ध्वनिफितींत पारंपरिक गाणी आहेत त्यांची यादी करून, त्यांतील परंपरेचा भाग यंत्राच्या ठशांतून वगळा. आपले वाद्यसंगीत आपण राखा. चाल आणि शब्द मोकळे सोडा.

चौथी: आपल्या फितींवर ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापून थांबू नका. गाणे कोणत्या भागातील, कोणत्या समाजातील, कोणाच्या तोंडून घेतले हे लिहा, आणि त्यातून उत्पन्न होत असेल तर त्यातला काही हिस्सा त्या गावाच्या शाळेला, वाचनालयाला किंवा गाणारीला द्या. जमिनीच्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आम्ही मिळविले. ज्याच्या मातीवर उभारणी होते त्याचा त्या उभारणीत वाटा असतो, हा त्या तत्त्वाचा गाभा आहे आणि तो गाण्यालाही लागू आहे.

पाचवी: नोटिशीला पैशाची मागणी जोडू नका. उल्लंघन झाले असेल तर ते दाखवा, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्या, आणि तरीही कोणी ऐकले नाही तर न्यायालय आहेच.

सहावी: चूक झाली असे आढळले तर ती लेखी मागे घ्या, खात्यावरचा शिक्का काढवा, आणि मधल्या काळात जे उत्पन्न आपल्याकडे आले असेल ते परत करा. गैरसमजाने झालेल्या जप्तीतला माल परत देणे हा कोणत्याही दप्तराचा किमान शिष्टाचार आहे.

सातवी आणि शेवटची विनंती या सर्वांहून लहान आहे, आणि माझ्यासाठी ती सर्वांत मोठी आहे. ज्या दिवशी मुद्रण काढून टाकले गेले त्या दिवशी मी आजींना ते सांगितले नाही. पण त्यांच्या नातवाने मोबाइलवर पाहून त्यांना सांगितले. संध्याकाळी त्या माझ्या ओटीवर येऊन बसल्या आणि बराच वेळ काही न बोलता मग म्हणाल्या, “मास्तर, मी कोनाचा गाना चोरला?” कायद्याची सगळी कलमे तोपर्यंत मला पाठ झाली होती, पण या प्रश्नाला त्यांतल्या एकाचेही उत्तर मला देता आले नाही. मी एवढेच म्हणालो, की आजी, तुम्ही कोणाचे काही चोरले नाही. त्यावर त्यांनी मान हलविली. परंतु माझ्या सांगण्याने त्यांचे समाधान झाले नव्हते, कारण आरोप मी केला नव्हता. त्यानंतरच्या लग्नसराईत त्या मांडवात गायिल्या, पण मी मोबाइल काढलेला पाहताच थांबल्या, आणि तो खिशात ठेवल्यावरच त्यांनी पुढचे कडवे उचलले. जे वय त्यांचे आहे त्यात असे किती हंगाम आमच्या हाती उरले आहेत हे मी आपल्याला सांगावयास नको. जे दोन धवले केवळ त्यांनाच येतात ते अजून मुद्रित व्हावयाचे आहेत.

म्हणून आपण त्यांच्या नावाने, मराठीत, एक पत्र धाडावे. त्यात कायद्याचे कलम नको, रक्कम नको, क्षमेचे लांब शब्दही नकोत. हे गाणे तुमचेच आहे आणि ते तुम्ही चोरलेले नाही, एवढे एक वाक्य आपल्या कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी असावे. त्यांना वाचता येत नाही. त्या ओटीवर येऊन बसतील आणि मी त्यांना ते वाचून दाखवीन.

 

आपला विश्वासू,
जासईतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक